स्थळप्रत आणि ६३/९४

डिसेंबर २०२२ मधे मी नवऱ्याला न विचारता पाच हजार पाउंडाच्या एका कागदासाठी नाव नोंदवलं होतं. लागलं असतं तर काय केलं असतं हे मला अजूनही माहीत नाही, कारण तेव्हा आमच्या जॉइंट अकाउंटला पगार होऊनसुद्धा एवढे नव्हते, आणि रुपयात धरले तर पाचेक लाख, म्हणजे सोलापुरात आईला हे सांगायचं तर आधी तिला खुर्चीत बसवूनच सांगावं लागलं असतं.

झालं असं की त्या नोव्हेंबरात बँक्सी, म्हणजे स्वतः लपून राहून भिंतींवर चित्रं काढणारा तो आर्टिस्ट, युक्रेनला जाऊन आला. बॉम्ब पडून अर्ध्या उरलेल्या बिल्डिंगांवर त्याने सात चित्रं काढली. बोरोद्यांकात ढिगाऱ्यावर हात टेकून उभी राहिलेली जिम्नॅस्ट, होरेन्कात फुटक्या भिंतीवर टबात बसून पाठ घासणारा दाढीवाला बाबा, कीव्हमधे रणगाडे अडवायच्या लोखंडी तिकाटण्याचा सीसॉ करून खेळणारी दोन पोरं. तिथे त्याला लेगसी ऑफ वॉर फाउंडेशनची माणसं भेटली, ती पडक्या इमारतींतल्या हतबल लोकांना औषधं, हीटर, पाणी पोचवत होती. त्यांनी त्याला त्यांची एक अँब्युलन्स वापरायला दिली आणि त्याच्याच म्हणण्याप्रमाणे एका आजीबाईने हा माझ्या घरावर काय रंगवतोय म्हणून चिडून पोलिसांना बोलावलं तेव्हा ती अँब्युलन्स फार कामाला आली. (आजीबाई मला एकदम ओळखीच्या वाटल्या. आमच्या पेठेत कुणी न विचारता भिंतीला ब्रश लावून दाखवावा.) तर त्या संस्थेसाठी त्याने ५० स्क्रीनप्रिंट काढले, नाव 'फ्रॅजाइल', पुठ्ठ्याच्या खोक्यावरून उंदीर घसरत चाललाय आणि त्याच्या नखांचे ओरखडे त्याने प्रत्येक कागदावर पिझ्झा कापायच्या चाकाने स्वतः काढले, म्हणजे ५० पैकी कुठलेही दोन सारखे नाहीत. किंमत ५,००० पाउंड, आणि कुणाला मिळणार ते नशिबावर.

दहा लाखांच्या वर लोकांनी नावं टाकली. वर रशियातल्या आयपी अ‍ॅड्रेसवरून साइटवर साडेतीन हजार हल्ले झाले असंही संस्थेने सांगितलं. म्हणजे वीस हजारात एक असा माझा चान्स. मला नाही लागला. नवऱ्याला मी जानेवारीत सांगितलं, तेव्हा तो म्हणाला लागला असता तर विकला असतास ना? मी हो म्हणाले. मग म्हणाला, मग तू अँब्युलन्ससाठी नाव टाकलंस की लॉटरीचं तिकीट घेतलंस? मला राग आला, कारण उत्तर नव्हतं.

बँक्सी मूळचा ब्रिस्टलचा आणि आम्हीही ब्रिस्टललाच राहतो, त्यामुळे हे सगळं आमच्या गल्लीतलंच असल्यासारखं वाटतं. स्टोक्स क्रॉफ्टवरचा त्याचा पोलिसांवर बाटली फेकणारा टेडी बेअर मी नोकरीला जाताना बसमधून बघते, तो १९९९ पासून तिथे आहे. २०२१ च्या डिसेंबरात गुलामांचा व्यापार केलेल्या कोल्स्टनचा पुतळा पाडला म्हणून खटला चालू असलेल्या चार जणांसाठी बँक्सीने टी-शर्ट काढले होते, २५ पाउंड, माणशी एकच. कुठल्या दुकानात मिळणार ते इथल्या उजिमा रेडिओवरून सांगितलं आणि अख्खं गाव थंडीत लाइनीत. मी दीड तास उभी राहिले आणि माझ्या पुढे साताठ जण असताना संपले. संध्याकाळी तेच टी-शर्ट ऑनलाइन कैक पटीला. तेव्हापासून मला या प्रकाराची एक खाज बसली होती. चांगल्या कामासाठी वस्तू मोजकी काढायची, मोजकी आहे म्हणून लोक तुटून पडतात, तुटून पडतात म्हणून पैसे जमतात, आणि तुटून पडणाऱ्यातले निम्मे माझ्यासारखे असतात.

आता स्टुडिओ. ईस्टनच्या बाजूला जुन्या वर्कशॉपमधे एक कम्युनिटी प्रिंट स्टुडिओ आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे माझीच फजिती आहे आणि त्यांना कशाला त्यात. जानेवारीपासून मी तिथे दर बुधवारी संध्याकाळी जायला लागले. बहाणा कोर्सचा होता पण खरं कारण वास. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि निराशाच झाली, कारण इथे सगळी पाण्याची शाई, वासच नाही. माझ्या डोक्यात स्क्रीनप्रिंट म्हणजे घासलेट.

सोलापुरात आमच्या काकांचं स्क्रीन प्रिंटिंग होतं. घराच्या पुढच्या खोलीतच. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, व्हिजिटिंग कार्डं, दुकानांच्या कापडी पिशव्या. लगीनसराईत घरभर फरशीवर ओल्या पत्रिका पसरलेल्या असायच्या आणि आम्ही पोरं त्यातून बोटांवर चालत संडासला जायचो. एका जरी पत्रिकेवर पाय पडला तरी काकांना दुसऱ्या खोलीतून कळायचं. जाळी फ्रेमला ताणायची, तिला उजेडाने घट्ट होणारं इमल्शन फासायचं, अंधारात वाळवायची, वर पॉझिटिव्ह, म्हणजे काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म, ठेवून काच दाबून उन्हात न्यायची. वेळ मोजायला काकांकडे घड्याळ होतं पण ते मला म्हणायचे, म्हण एक ते शंभर, सावकाश म्हण, आणि उन्हाळ्यात साठलाच थांबवायचे. सोलापूरचं ऊन ते. मग पाणी मारलं की जिथे अक्षरं होती तिथलं इमल्शन धुऊन निघायचं आणि जाळीत 'श्री गजानन प्रसन्न' उजेडातून दिसायला लागायचं. ब्रिस्टलच्या स्टुडिओत याला बंद पेटीसारखं यूव्ही मशीन आहे, सेकंद लावायचे आणि बटण दाबायचं. बरोबरच आहे, इथल्या उन्हावर कोण धंदा करणार.

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान आणि सिरियाचा भूकंप झाला. पहाटे ७.८ चा आणि दुपारी पुन्हा ७.५ चा. तो सोमवार. बुधवारी स्टुडिओत गेले तर कुणी काही छापतच नव्हतं, सगळे चहा घेऊन उभे. तिथे येणारा एक स्टेन्सिलवाला आर्टिस्ट आहे, पस्तिशीचा, भिंतींवर काम करतो, त्याच्या शेजारच्या तुर्की सलूनवाल्याचे नातेवाईक अंताक्याला होते आणि दोन दिवस फोन लागत नव्हता. तो म्हणाला मी काल रात्री डीन लेनच्या भिंतीवर काहीतरी काढलंय. फोटो दाखवला. तुर्की लोकांची ती एकावर एक दोन चहाच्या किटल्या असतात ना, खाली पाण्याची आणि वर चहाची, ती विटांच्या ढिगावर ठेवलेली, शेजारी कमरेत बारीक असलेला छोटा काचेचा ग्लास, त्यात लालभडक चहा, आणि किटलीच्या तोटीतून निघालेली वाफ वर जाता जाता भिंतीला तडा गेल्यासारखी वाकडीतिकडी होते. बस एवढंच.

डीन लेनला कुणीही रंगवू शकतं, त्यामुळे आज काढलेलं पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या चित्राखाली जातं. हेही जाणारच होतं. (बाराव्या दिवशी गेलं, वर कुणीतरी जांभळा ऑक्टोपस काढला, तोही चांगला होता.) म्हणून मग कुणीतरी म्हणालं याचे प्रिंट काढू, मोजके, नंबर टाकलेले, आणि पैसे डीईसीला देऊ. डीईसी म्हणजे डिझास्टर्स इमर्जन्सी कमिटी, १९६३ पासूनची, ब्रिटिश रेड क्रॉस, ऑक्सफॅम, सेव्ह द चिल्ड्रन, इस्लामिक रिलीफ वगैरे १५ संस्था मोठ्या संकटात वेगवेगळे हात न पसरता एकत्र अपील करतात. दुसऱ्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला त्यांचं अपील सुरू झालं.

मी हात वर केला. का केला ते तेव्हा सांगितलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, सगळे उशिरा झोपलेले, चार वाजायच्या सुमारास पत्रे वाजले आणि काकांनी आम्हाला ओढत रस्त्यावर आणलं. सकाळी कळलं की किल्लारी, सास्तूर तिकडे गावंच्या गावं बसलीत. पेठेतल्या मंडळाचा मांडव अजून सोडलेला नव्हता, त्याच मांडवात चादरी आणि धान्य गोळा व्हायला लागलं आणि पैशासाठी पावतीपुस्तकं पाहिजेत म्हणून मंडळाची पोरं काकांकडे आली. काका म्हणाले पावत्या स्क्रीनवर कोण छापतं रे, प्रेसला जा. पण प्रेस बंद होत्या. मग काकांनी रात्रभर बसून दहा पुस्तकांच्या पावत्या छापल्या आणि मी नंबरिंग मशीनने नंबर मारले. खटक, १. पुन्हा स्थळप्रतीवर, म्हणजे पुस्तकातच राहणाऱ्या अर्ध्या भागावर, खटक, १. एकाच नंबरचे दोन ठोके, मग मशीन पुढे सरकवायचं. हजार पावत्या, दोन हजार ठोके, हाताला घट्टे. सकाळी मंडळाचा एक जण म्हणाला काका स्क्रीन राहू द्या, अजून पुस्तकं लागतील. काकांनी त्याच्यासमोर जाळी मोरीत नेली आणि ब्लीचिंगच्या पाण्याने घासून साफ केली. तो गेल्यावर मला म्हणाले, जाळी राहिली की पावती राहती, आणि पावती राहिली की पैसा कुणाच्या खिशात गेला ते देवाला पण कळत नाही.

असो. ब्रिस्टल.

आमचं ठरलं ते असं. तीन रंग. पहिला विटांचा करडा, दुसरा चहाचा लाल, तिसरा काळा ज्यात सगळ्या रेषा. कागद ३०० जीएसएमचा कॉटनचा, ११५ शीट, पैसे आर्टिस्टने आणि स्टुडिओने अर्धे अर्धे घातले. एडिशन १०० ची, बाकीची १५ शीट वाया जायला. कॅफेत चिकटवायला पोस्टरही करून टाकलं, '१०० प्रिंट, ४० पाउंड, नफा भूकंपग्रस्तांना'.

हे पोस्टर बघून स्टुडिओचा हिशोब बघणाऱ्या बाई (सत्तरीच्या, आयुष्यभर अकाउंट्समधे काढलेल्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा) म्हणाल्या काढा ते आधी. 'नफा' म्हणजे किती? इथे १९९२ चा चॅरिटीज अ‍ॅक्ट आहे, धंदा करणाऱ्या कुणी चॅरिटीचं नाव लावून वस्तू विकली तर त्या चॅरिटीशी लेखी करार लागतो आणि गिऱ्हाइकाला नेमकं सांगावं लागतं की या किमतीतले किती पाउंड तिकडे जाणार. नुसतं 'मदतीसाठी' असं लिहून चालत नाही. मग ठरलं की ४० पैकी ४० जाणार, कार्ड मशीनचं कमिशनसुद्धा आपण आपल्या खिशातून भरायचं. मी विचारलं गिफ्ट एड? इथे देणगी दिली की सरकार पाउंडामागे वर २५ पेन्स घालतं, मला वाटलं ४० चे ५० होतील. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. घेणाऱ्याला बदल्यात प्रिंट मिळतो म्हणजे ती देणगी नाही, खरेदी आहे, खरेदीवर गिफ्ट एड नाही. नवऱ्याचं जानेवारीतलं वाक्य मला आठवलं आणि मी गप्प बसले.

छपाई दोन रविवार चालली. थंडी एवढी की शाई डब्यात घट्ट. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, टेबलाला बारीक भोकं असतात आणि खालून हवा ओढली जाते म्हणजे कागद हलत नाही. वर फ्रेम बिजागरीवर. जाळी कागदाला टेकवायची नाही, दोनतीन मिलीमीटर वर, स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, पुढे जाईल तशी तेवढीच टेकते आणि मागे सुटते. आधी शाई जाळीत नुसती पसरून भरायची, मग फ्रेम खाली, मग एका दमात हात मारायचा, मधे थांबलात की तिथे रेघ. आणि पाण्याच्या शाईचा वैताग म्हणजे तुम्ही गप्पा मारत बसलात तर ती जाळीतच वाळते, मग वाफेची बारीक रेष उठतच नाही आणि ओल्या फडक्याने पुसत बसा. म्हणून तिघं लागतात, एक छापणारा, एक कागद ठेवणारा, एक ओला कागद उचलून रॅकवर टाकणारा. बोटं स्वच्छ फक्त दुसऱ्याची आणि तिसऱ्याची. काकांकडे दुसरी आणि तिसरी दोन्ही मीच होते, त्यामुळे मी एकदम ऐटीत म्हणाले मी कागद लावते.

पहिल्या रविवारी करडा झाला, लाल झाला, मस्त. दुसऱ्या रविवारी काळा. काळा शेवटी असतो आणि तोच सगळ्यांना जागेवर बसवतो. कागद लावायला टेबलावर तीन छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, दोन खाली आणि एक बाजूला, आणि नियम एकच, पहिल्या रंगाला कागदाचा जो कोपरा त्या पट्ट्यांना टेकवला तोच कोपरा प्रत्येक रंगाला टेकवायचा, कारण कागद दिसायला सारखे असले तरी कापताना मिलीमीटर दोन मिलीमीटरचा फरक असतोच. म्हणून मागच्या बाजूला त्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुली करतात. मी फुल्या केल्या होत्या. सत्तरेक कागद झाल्यावर जेवायला थांबलो, परत आलो, मी रॅकवरून पुढचा गठ्ठा काढला आणि बोलता बोलता लावायला लागले. आर्टिस्ट तेव्हा बाजूला होता आणि छापत होती ती स्टुडिओतली दुसरी एक मुलगी, तिला वाटलं मी बघतेय, मला वाटलं ती बघतेय. आता तुम्ही म्हणाल चूक दिसली कशी नाही, तर तोपर्यंत कागदावर होतं काय, करड्या विटांचे ठोकळे आणि लाल डाग. फुलीचा कोपराही मी बरोबर टेकवत होते. पण बाजूची, डावीकडची पट्टी पुसताना निघाली म्हणून जेवायच्या आधी कुणीतरी परत चिकटवली होती ती जरा सरकवून, आणि ती 'कुणीतरी' मीच.

अकरा कागद गेल्यावर आर्टिस्ट रॅकजवळ गेला आणि म्हणाला, थांबा.

चहा ग्लासाच्या बाहेर आला होता. तीनच मिलीमीटर. काळ्या रेषेचा ग्लास जिथल्या तिथे, आतला लाल मात्र डावीकडून काचेच्या बाहेर डोकावतोय आणि उजवीकडे पांढरी फट. अकराच्या अकरा कागदांवर तंतोतंत तसाच, म्हणजे चूकसुद्धा किती नीट केली होती मी. काकांकडे असं झालं असतं तर पत्रिकेतल्या गणपतीची सोंड एकीकडे आणि मोदक एकीकडे. आणि काकांनी पट्टी घेतली असती ती कागदाला लावायची नाही.

कुणी काही बोललं नाही, आणि ते जास्त लागतं.

संध्याकाळी मोजले. ११५ पैकी माझे ११ गेले, सहा इतर कारणांनी, कुठे अंगठा, कुठे जाळीतल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पडलेला काळा ठिपका. चार आर्टिस्टने एपी म्हणून काढले, आर्टिस्ट्स प्रूफ, ती पद्धतच असते. राहिले ९४. मी म्हटलं सहा शीट विकत आणते माझ्या पैशाने, पण करडा आणि लालचे स्क्रीन शनिवारीच धुऊन झाले होते. मग ती दुसरी मुलगी म्हणाली, त्या अकरातले सहा घालू की, तीन मिलीमीटर कुणाला दिसतंय, आणि पैसे तर भूकंपालाच जाताहेत. २४० पाउंडाचा प्रश्न. मला मनातून वाटत होतं हो म्हणावं, माझीच चूक झाकली जात होती. आर्टिस्टने काही न बोलता पेन घेतलं आणि पोस्टरवरचे १०० खोडून ९४ लिहिले.

नंबर टाकायचं काम मी मागून घेतलं. पेन्सिलीनेच टाकतात, खाली डाव्या कोपऱ्यात, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही. ६३/९४ म्हणजे त्रेसष्टावा छापलेला असं लोकांना वाटतं पण तसं काही नसतं, तीन रंगांत रॅकवरून वर खाली होता होता क्रम केव्हाच मोडलेला असतो, हाताला येईल त्याला पुढचा नंबर. मी एक वही केली. प्रिंटचा नंबर, घेणाऱ्याचं नाव, तारीख, रोख की कार्ड. हिशोबवाल्या बाई म्हणाल्या एवढं कशाला, आपण काय बँक्सी आहोत? आणि मग त्यांनीच सांगितलं की बँक्सीच्या पेस्ट कंट्रोल नावाच्या ऑफिसाकडून प्रिंट खरा असल्याचं सर्टिफिकेट येतं त्याला एक फाडलेली नोट टाचलेली असते, राणीच्या जागी डायनाचा चेहरा असलेली त्याने छापलेली दहाची नोट, तिच्यावर हाताने नंबर लिहितात आणि मग ती नंबरातूनच फाडतात, अर्धी तुमच्याकडे आणि अर्धी त्यांच्याकडे. दोन्ही तुकडे जुळले तर माल खरा. मी हसायलाच लागले. अहो ही स्थळप्रत! पण स्थळप्रत इंग्रजीत कशी समजावणार, नुसती हसत राहिले.

विक्री मार्चमधल्या एका शनिवारी, दहा वाजता, माणशी एक. साडेनवाला बाहेर चाळीसेक माणसं. सलूनवाला स्वतः आला होता, त्याने ग्लासाकडे बघून सांगितलं की चहा अजून थोडा गडद पाहिजे, याला आम्ही सशाचं रक्त म्हणतो, हा फिका झालाय. आर्टिस्टचा चेहरा बघण्यासारखा. तरी सलूनवाल्याने घेतला, आणि चाळीसच्या जागी साठ देत होता तर बाई घेईनात, हिशोब जुळत नाही म्हणाल्या, वरचे वीस डब्यात टाका, तो वेगळा मोजतो. अंताक्याचं मी विचारलं नाही. त्यानेच जाताना सांगितलं, बहीण सापडली, भाची नाही.

त्या दिवशी ७१ गेले. आणि मग थांबलं. हे मला अपेक्षित नव्हतं, मला वाटलं होतं टी-शर्टसारखं होईल. उरलेले २३ विकायला तीन आठवडे लागले, ऑफिसात, मुलाच्या शाळेत, महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात (तिथे चार गेले, त्यातल्या एका काकूंनी विचारलं यात देवबिव काही नाही का). आणि गंमत म्हणजे याच काळात आमचे दोन प्रिंट एका रीसेल साइटवर दिसले, १५० पाउंडाला. माझ्या कपाटात तोच कागद चाळीसला पडून आणि तिकडे कुणीतरी 'सोल्ड आउट, रेअर' लिहून बसलंय. वहीत बघितलं, नंबर मिळाले, नावंही मिळाली. काय करणार? काहीच नाही. त्याने ४० दिले, ते ४० पोचले, आता तो कागद त्याचा. दुसऱ्यांदा विकला की चॅरिटीला दमडी जात नाही हे खरं, पण चिडायचा हक्क निदान मला तरी नाही, डिसेंबरात मी उंदराच्या बाबतीत हाच बेत करून बसले होते.

सगळे मिळून ३,७६० पाउंड झाले. डब्यातले वेगळे. डीईसीच्या अपीलला पहिल्याच दिवशी कोट्यवधी जमले होते, सरकारने सुरुवातीचे ५० लाख पाउंड दुप्पट करायचं कबूल केलं होतं तेही कधीच संपलेलं. त्यात आमचे ३,७६०. बाईंनी ट्रान्सफर केले आणि पावती प्रिंट करून नोटिस बोर्डावर लावली, बस.

मग शेवटचा प्रिंट गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं अजून ५० काढू, निळ्या चहाचे. असं करतात, त्याला वेगळा कलरवे म्हणतात, तीच रेषा, रंग वेगळा, नंबर नव्याने, कुणाची फसवणूक नाही. आणखी २,००० पाउंड. खरंच, मोजकं ठेवायचा अट्टहास कुणासाठी? मला तर तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं की सुरुवातीलाच 'एक दिवस ऑर्डर घेऊ, जेवढ्या येतील तेवढे छापू' असं केलं असतं तर कदाचित जास्त जमले असते. पण मग साडेनवाला थंडीत चाळीस जण आले असते का, तेही सांगता येत नाही. आर्टिस्ट म्हणाला निळा चहा कोण पितं. विषय तिथेच संपला, पण काळ्याचा स्क्रीन रॅकवर तसाच उभा राहिला, कुणी तरी धुवेल म्हणून.

माझ्या अकरा चुकांपैकी एक मी मागून घेतली होती, नंबर नाही, सही नाही, मागे मोठ्या अक्षरात 'वेस्ट' लिहिलेली. भारतात जाणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर ती काकांना पाठवली. काका आता ऐंशीला आलेत, दुकान कधीच बंद, तिथे आता मोबाईल कव्हरवाला बसतो. एका रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल. कागद डोळ्याजवळ धरलेला, नुसता कागदच दिसतोय, काका नाहीत.

"पट्टी सरकलीय."

"हो काका."

"डावीकडची."

"हो."

"किती गेले?"

"अकरा."

"हं." मग बराच वेळ कागद हलतोय फक्त. "कागद भारी आहे की गं. काळा कुणी मारलाय? हात चांगला आहे." मग एकदम, "काय करालीस आता?"

मी म्हटलं स्टुडिओतच आहे. म्हणाले, जाळी धुतली का?

मी कॅमेरा रॅककडे फिरवला. फ्रेम नंबर सात, किटली, ग्लास, तडा, सगळं जागेवर. काका काहीच बोलले नाहीत. मी फोन खिडकीत टेकवला, फ्रेम धुवायच्या हौदात उभी केली, दोन्ही बाजूंनी ते इमल्शन काढायचं पाणी फासलं, ब्रशने घासलं, दोन मिनिटं थांबले आणि प्रेशरचा पाइप सुरू केला. आधी ग्लास गेला, मग विटा, मग वाफ. किटलीचं झाकण तेवढं चिवट निघालं. संपल्यावर फ्रेम उजेडासमोर धरली तर जाळीत किटलीचा पिवळट डाग राहिलेला, इथे त्याला घोस्ट म्हणतात, तो नुसत्या धुण्याने जात नाही, पण सहसा पुढच्या छपाईला त्रासही देत नाही. त्या फ्रेमवर दुपारी एका बँडच्या पोस्टरचं बुकिंग होतं.

"दिसलं का काका?"

"दिसलं. आता जेवून घे जा."